स्वतःचं नाव घेता न येणारा पोरगा

२०१९ च्या एप्रिलमधली गोष्ट. ताई आणि भावोजींना एका लग्नाला जायचं होतं, त्यामुळे भाचा दिवसभर माझ्या गळ्यात. वय वर्षं सहा. पाऊण तासात माझ्याकडचे सगळे खेळ संपले, मग त्याला उचललं आणि 'शझॅम!' बघायला घेऊन गेलो. सिनेमात चौदा वर्षांचा बिली बॅटसन एक शब्द उच्चारतो, वीज कोसळते आणि त्याच्या जागी लाल कपड्यातला धिप्पाड माणूस उभा राहतो. मधल्या राक्षसांना पोरगं घाबरेल असं वाटलं होतं, प्रत्यक्षात दचकत होतो मी. तो आपला शांतपणे पॉपकॉर्न खात बसला होता. इंटरव्हलमध्ये मात्र त्याने विचारलं, "मामा, तो मोठा झाला ना, मग तो छोटा मुलगा कुठे गेला?"

"आत आहे," मी म्हणालो.

"आत म्हणजे कुठे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "सिनेमा बघ" म्हणून वेळ मारून नेली. पण दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला 'ती व्हॅल्यू कुठे स्टोअर झाली' हा प्रश्न सहजासहजी सोडत नाही. पुढचे कितीतरी वीकएंड मी या पोराच्या मागे घालवले. तेव्हा कळलं की हाच प्रश्न आणखी एका माणसाला पडला होता, आणि त्याने त्याचं जे उत्तर दिलं ते सहा वर्षांच्या मुलाला सांगण्यासारखं नाही.

सुरुवातीपासून सांगतो. १९३८ मध्ये अमेरिकेत सुपरमॅन आला आणि धो धो खपला. मग प्रत्येक प्रकाशकाला आपापला सुपरमॅन हवा झाला. फॉसेट पब्लिकेशन्स नावाच्या मासिकवाल्या कंपनीत बिल पार्कर हा लेखक आणि सी. सी. बेक हा चित्रकार यांना हे काम मिळालं. १९४० च्या फेब्रुवारीची तारीख असलेल्या 'व्हिझ कॉमिक्स'च्या अंकात त्यांचा कॅप्टन मार्व्हल पहिल्यांदा दिसला. आजचे लोक त्याला शझॅम म्हणतात. तो बदल कसा झाला ते पुढे येईलच.

पहिली गोष्ट अशी आहे. बिली हा अनाथ पोरगा रात्री भुयारी रेल्वेच्या स्टेशनाबाहेर पेपर विकत उभा असतो. अंधारातून एक अनोळखी माणूस येतो आणि त्याला खाली घेऊन जातो. (आज कोणी मुलांच्या गोष्टीची अशी सुरुवात करून दाखवावी!) खालच्या गुहेत सिंहासनावर एक थकलेला म्हातारा बसलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर एका धाग्याने भलीमोठी शिळा टांगलेली असते. म्हातारा म्हणतो, तीन हजार वर्षं मी दुष्टांशी लढतोय, आता माझ्याच्याने होत नाही, माझ्या जागी तू ये. माझं नाव घे. बिली म्हणतो, "शझॅम!" सॉलोमनचं शहाणपण, हर्क्युलीसची ताकद, ॲटलसची चिकाटी, झ्यूसचं सामर्थ्य, अकिलीसचं धैर्य आणि मर्क्युरीचा वेग या सगळ्यांची इंग्रजी आद्याक्षरं मिळून तो शब्द झालेला. वीज पडते, पोराचा महापुरुष होतो आणि त्याच क्षणी धागा तुटून शिळा म्हाताऱ्यावर कोसळते.

मला ही शिळा फार आवडते. वारसा देणाऱ्याने खुर्ची सोडायलाच हवी, ही सोय पहिल्याच पानांवर करून ठेवली आहे. हँडओव्हर झाल्यावर जुन्या माणसाचा ॲक्सेस बंद! अर्थात पुढे बिलीने गुहेतली मशाल पेटवली की म्हाताऱ्याचं भूत सल्ला द्यायला हजर व्हायचं, म्हणजे सपोर्ट चालूच होता. असो.

इंद्रजाल कॉमिक्स वाचलेल्यांना इथे वेताळ आठवेल. ली फॉकने १९३६ मध्ये काढलेला हा नायकही वारशावरच उभा आहे. बापामागून मुलगा, अशी एकविसावी पिढी, आणि जंगलातल्या लोकांना वाटतं की हा अमर आहे. पण तिथे मुलगा वाढतो, शिकतो, कवटीवर हात ठेवून शपथ घेतो आणि मगच मुखवटा चढवतो. बिलीला ही मधली वर्षंच मिळत नाहीत. रात्री पेपर विकणारं पोर सकाळी जगातला सगळ्यात ताकदवान माणूस असतं. आणि गंमत म्हणजे वाचणाऱ्या मुलांना नेमकं हेच हवं होतं. सुपरमॅनचा क्लार्क केंट म्हणजे सोंग, आतून तो सुपरमॅनच. बिलीचं सोंग नव्हतं. तो खरंच लहान होता, खरंच गरीब होता. फक्त त्याला एक शब्द माहीत होता. घरी, शाळेत, गल्लीत मार खाणाऱ्या पोराला यापेक्षा आणखी काय पाहिजे?

खप किती? १९४४ या एका वर्षात 'कॅप्टन मार्व्हल ॲडव्हेंचर्स' सुमारे १ कोटी ४० लाख प्रती गेलं असं सांगतात. सुपरमॅनलाही त्याने मागे टाकलं. १९४१ मध्ये तर त्याच्यावर बारा भागांची चित्रपट-मालिका निघाली. सुपरमॅन तेव्हा अजून कार्टूनमध्येच उडत होता, पडद्यावर हाडामांसाचा होऊन हा आधी आला.

आता येतो या लेखाचा खरा नायक. तो बिली नाही.

१९४१ च्या डिसेंबरमध्ये फ्रेडी फ्रीमन आला. युद्धाचे दिवस, त्यामुळे खलनायकाचं नावच कॅप्टन नाझी. फ्रेडी आजोबांबरोबर होडीतून मासे धरत असताना पाण्यात पडलेल्या नाझीला आजोबा वर काढतात. तो उपकाराची फेड म्हणून आजोबांना मारतो आणि वल्ह्याचा तडाखा देऊन फ्रेडीला पाण्यात फेकतो. मरायला टेकलेल्या फ्रेडीला कॅप्टन मार्व्हल म्हाताऱ्या जादूगाराकडे नेतो. एका माणसावर एकदाच वीज पडणार असा काही नियम दिसत नाही, कारण इथे कॅप्टन मार्व्हल आपल्याच शक्तीतला वाटा फ्रेडीला देतो. पोरगा वाचतो, पण एक पाय कायमचा अधू होतो. शब्द उच्चारला की निळ्या पोशाखातला कॅप्टन मार्व्हल ज्युनियर, नाहीतर कुबडी घेऊन लंगडत चालणारा फ्रेडी. मॅक राबॉयने ही चित्रं इतकी नाजूक काढली आहेत की बेकच्या ढोबळ, हसऱ्या चित्रांशेजारी ती वेगळ्याच जगातली वाटतात.

पण तो शब्द कोणता? शक्ती जादूगाराकडून नाही तर कॅप्टन मार्व्हलकडून मिळाली, म्हणून फ्रेडीचा मंत्र 'शझॅम' नाही. त्याने म्हणायचं, "कॅप्टन मार्व्हल!"

आता नीट बघा. याचं स्वतःचं नाव काय? कॅप्टन मार्व्हल ज्युनियर. म्हणजे कोणी विचारलं "तू कोण?" आणि याने नाव सांगायला तोंड उघडलं, की अर्ध्या नावातच वीज पडणार आणि समोर कुबडीवाला फ्रेडी उभा. जगातला हा पहिलाच नायक असावा ज्याला स्वतःची ओळख करून देता येत नाही. आपल्याकडे आज्या नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, फारच आग्रह झाला तर उखाण्यात घ्यायच्या. इथे स्वतःचंच नाव घ्यायची चोरी, आणि उखाण्याची सोयसुद्धा नाही :)

हा साधा डिझाइनमधला बग आहे. वारशाचा नियम लिहिताना नाव आणि पासवर्ड एकच ठेवला गेला. कोणी फिक्स केला नाही, कारण वाचकांना त्याची मजा वाटायची. माझ्या अनुभवात असे बग सगळ्यात जास्त टिकतात. ज्याने लिहिला तो गेला, ज्या कंपनीत लिहिला ती गेली, तरी बग आपला जागच्या जागी.

आणि इथे कंपनीचा कॉमिक्सचा धंदा खरंच गेला. सुपरमॅनच्या मालकांनी, म्हणजे ज्यांना आपण आज डीसी म्हणतो त्यांनी, १९४१ मध्येच फॉसेटवर खटला भरला होता की कॅप्टन मार्व्हल ही आमच्या सुपरमॅनची नक्कल आहे. खटला उभा राहायलाच १९४८ उजाडलं. १९५० चा निकाल वाचण्यासारखा आहे. नक्कल झाली हे खरं, पण वर्तमानपत्रातल्या सुपरमॅनच्या पट्ट्यांवर कॉपीराइटची सूचना धड छापली गेली नव्हती, म्हणून हक्कच सोडून दिला असं न्यायालयाने धरलं. १९५१ मध्ये न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी अपिलात हे फिरवलं. तोवर युद्धानंतर सुपरहिरोंचा खप उतरला होता, फॉसेटला लढण्यात रस राहिला नव्हता. १९५३ मध्ये ४ लाख डॉलर देऊन त्यांनी तडजोड केली आणि कॅप्टन मार्व्हल कायमचा बंद करायचं कबूल केलं. बिली, फ्रेडी, मेरी, सगळं कुटुंब घरी बसलं.

नक्कल होती का? माझं मत विचाराल तर लाल-निळ्या कपड्यांपुरती, उडण्यापुरती होती. सुपरमॅनमध्ये पोरगा नव्हता. पण कोर्टात चित्रांच्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून उड्या आणि गुद्दे मोजले जातात. पोर कुठे गेलं हे तिथे कोण विचारणार?

फॉसेटचा कॅप्टन मार्व्हल बंद झाल्याचा झटका लंडनमध्ये लेन मिलर या प्रकाशकाला बसला. तो या गोष्टी काळ्या-पांढऱ्या स्वरूपात दर आठवड्याला ब्रिटनमध्ये छापायचा आणि चांगल्या खपवायचा. आता कच्चा मालच बंद. त्याने मिक अँग्लो या चित्रकाराला गाठलं आणि म्हणाला, काहीतरी कर. अँग्लोने जे केलं त्याला आमच्या धंद्यात फोर्क म्हणतात. कॅप्टन मार्व्हलचा झाला मार्व्हलमॅन. काळ्या केसांचा सोनेरी केसांचा झाला. बिली बॅटसनचा मिकी मोरन झाला. जादूगाराच्या जागी एक शास्त्रज्ञ आला, कारण दिवस अणूचे होते. 'शझॅम'च्या जागी 'किमोटा'. इंग्रजीत 'ॲटॉमिक' उलटं लिहा आणि 'सी'च्या जागी 'के' टाका. १९५४ च्या फेब्रुवारीत हा अंक आला तेव्हा त्याच्यावर क्रमांक होता २५, कारण कॅप्टन मार्व्हलचा शेवटचा अंक २४ होता. व्हर्जन नंबरसुद्धा तोडला नाही! ब्रिटिश पोरांनी एका आठवड्याला एकाचा अंक घेतला, पुढच्या आठवड्याला दुसऱ्याचा.

आणि बग? तोही कॉपी झाला. फ्रेडीचा झाला यंग मार्व्हलमॅन, त्याचा मंत्र 'मार्व्हलमॅन'. मग १९५५ मध्ये आणखी लहान एक पोरगा आला, जॉनी बेट्स उर्फ किड मार्व्हलमॅन. त्याचाही मंत्र तोच. १९६३ मध्ये ३७० व्या अंकाबरोबर सगळं संपलं. मधल्या काळात ब्रिटनमध्ये खरी अमेरिकन कॉमिक्स येऊ लागली होती, त्यापुढे ही फिकी पडली.

नॉर्दॅम्प्टन गावात ही कॉमिक्स वाचणारा एक पोरगा होता. ॲलन मूर. त्याच सुमाराला त्याच्या हाती 'मॅड' मासिकातलं सुपरमॅनचं विडंबनही पडलं, आणि त्याच्या डोक्यात एक कल्पना बसली. समजा मिकी मोरन मोठा झाला, टक्कल पडायला लागलं, पोट सुटलं, आणि तो शब्दच विसरला तर? लहानपणी हे त्याला विनोदी वाटलं होतं. १९८२ च्या मार्चमध्ये 'वॉरियर' मासिकात त्याने ते लिहिलं तेव्हा विनोद उरला नव्हता.

मूरचा माइक मोरन चाळिशीचा, लग्न झालेला, फुटकळ बातम्या देणारा पत्रकार आहे. डोकं सतत दुखतं, उडण्याची आणि आगीची स्वप्नं पडतात. एका अणुऊर्जा केंद्रात अतिरेक्यांनी त्याला धरलेलं असताना काचेच्या दारावरचा 'ॲटॉमिक' हा शब्द त्याला आतून उलटा दिसतो. किमोटा! घरी येऊन तो बायकोला, लिझला, पन्नाशीच्या दशकातली आपली सगळी साहसं सांगतो आणि ती हसत सुटते, कारण ती आहेतच हसण्यासारखी. पुढे कळतं की ती साहसं घडलीच नव्हती. एका लष्करी प्रयोगात या मुलांना झोपवून ठेवलं होतं, आणि प्रयोग करणाऱ्या गारगुंझाने त्यांच्या डोक्यात सोडायच्या स्वप्नांचं कथानक कशातून उचललं? मुलांच्या एका कॉमिकमधून. अँग्लोने जी उचलेगिरी केली होती तीच मूरने गोष्टीत घालून टाकली. वा!

माझ्या भाच्याच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. मूरने सांगितलं की शरीरं दोन आहेत. एक वापरात असतं तेव्हा दुसरं कुठेतरी पलीकडे जसंच्या तसं ठेवलेलं असतं. शब्द उच्चारला की अदलाबदल. म्हणजे "आत आहे" हे माझं उत्तर अगदीच चुकीचं नव्हतं. पण मग मूरने जॉनी बेट्सकडे पाहिलं.

१९६३ मध्ये तिघांना एका सापळ्यात अणुबॉम्बने उडवण्यात आलं. एक मेला, माइक सगळं विसरला. जॉनी वाचला, आणि त्याने पुन्हा कधी शब्दच उच्चारला नाही. का उच्चारेल? देवासारखी ताकद सोडून कोणाला परत तेरा वर्षांचं अनाथ पोर व्हायचंय? तो त्याच शरीरात वाढला, कंपनीचा मालक झाला, सुटाबुटात फिरू लागला. कोणी "नाही" म्हणणारं नसल्यामुळे एकोणीस वर्षांत जे व्हायचं ते झालं. तो राक्षस झाला. आणि खरा जॉनी एकोणीस वर्षं तिथेच, तेरा वर्षांचा, बंद.

लढाईत तो माइकला सहज चेचतो. मग विजयाच्या तोऱ्यात बोलता बोलता तोंडातून ते नाव निसटतं. मार्व्हलमॅन. वीज पडते आणि रस्त्यावर जुन्या कपड्यांतलं एक भेदरलेलं पोर बसलेलं असतं. १९४१ मध्ये ज्या गोष्टीवर पोरं हसली होती, तो अर्ध्या नावातला बग, चार दशकं आणि एक फोर्क ओलांडून इथे फुटला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण मलाच ते दुसऱ्यांदा वाचवत नाही. जॉनी इस्पितळात आणि मग मुलांच्या आश्रमात जातो. आतला तो दुसरा त्याला सतत म्हणत असतो, शब्द उच्चार. पोरगा दातओठ खाऊन गप्प राहतो. पण आश्रमातली मोठी मुलं त्याचा असह्य छळ करतात, आणि एके दिवशी तो शब्द उच्चारतो. १९८८ च्या पंधराव्या अंकात लंडनची जी काही दशा होते ती जॉन टॉटलबेनने पानंच्या पानं काढली आहे. शेवटी वेदनेच्या भरात किड पुन्हा ते नाव घेतो, पुन्हा पोर समोर येतं. निष्पाप. आणि माइकच्या त्या देवरूपासमोर प्रश्न उभा राहतो की हे पोर जिवंत आहे तोवर तो परत येऊ शकतो. तो पोराला जवळ घेतो आणि मारून टाकतो.

या अंकानंतर अमेरिकेत रक्तबंबाळ सुपरहिरोंची लाटच आली. मला वाटतं नक्कल करणाऱ्यांनी रक्त उचललं आणि जॉनीला तिथेच सोडलं. कोणीतरी दातओठ खाऊन गप्प बसतंय, हे चित्र मला लंडनच्या राखेपेक्षा जास्त छळतं.

एव्हाना या सगळ्यांच्या नावांचं काय झालं होतं? फ्रेडीचा शाप घराण्यालाच लागला म्हणायचा. कॅप्टन मार्व्हल बंद पडला होता तेव्हा, १९६७ मध्ये, मार्व्हल कॉमिक्सने त्याच नावाचा आपला वेगळा नायक काढला आणि नाव अडकवून ठेवलं. १९७२ मध्ये बिलीला परत आणलं कोणी? डीसीने, म्हणजे ज्यांनी त्याला कोर्टात खेचून बंद पाडलं होतं त्यांनीच, भाड्याने हक्क घेऊन. पण मुखपृष्ठावर त्याचं नाव छापता येईना, म्हणून अंकाला नाव दिलं 'शझॅम!'. लोक त्यालाच शझॅम म्हणू लागले, आणि पुढे २०११ नंतरच्या नव्या मांडणीत डीसीनेही ते मान्य करून टाकलं. म्हणजे आता बिलीचंही नाव आणि पासवर्ड एकच! फ्रेडीला हसणारा थोरला त्याच खड्ड्यात पडला.

मूरच्या मार्व्हलमॅनचं तेच. मार्व्हल कॉमिक्सने नावाला हरकत घेतली आणि १९८५ मध्ये अमेरिकेत इक्लिप्सने छापायला घेतलं तेव्हा तो मिरॅकलमॅन झाला. मूरने आपला भाग संपवून गोष्ट नील गेमनच्या हाती दिली. गुहेतल्या म्हाताऱ्यासारखा तो खरंच बाजूला झाला, परत आला नाही. मग इक्लिप्स बुडालं आणि गोष्ट ऐन मध्यात थांबली. हक्क कोणाचे यावर वर्षानुवर्षं भांडणं झाली. २००९ मध्ये मार्व्हल कॉमिक्सने मिक अँग्लोकडून मार्व्हलमॅनचे हक्क घेतले, म्हणजे नावाला हरकत घेणाऱ्यांच्याच घरात तो राहायला गेला. २०१४ पासून जुने अंक पुन्हा छापले गेले तेव्हा मूरने आपलं नाव घालू दिलं नाही. मुखपृष्ठावर तो आहे 'मूळ लेखक', बस. अडलेली गोष्ट पुढे सरकायला २०२२ उजाडलं.

भाचा आता तेरा वर्षांचा आहे. आवाज फुटलाय. तो प्रश्न विचारल्याचं त्याला आठवतसुद्धा नाही. गेल्या रविवारी आला होता तेव्हा कपाटासमोर बराच वेळ उभा राहून विचारत होता, "मामा, तो वरचा मिरॅकलमॅन नेऊ?" म्हटलं, पहिला भाग ने, बाकीचे नंतर बघू. त्याने खुर्चीसुद्धा घेतली नाही, नुसता हात वर केला आणि काढला.